सशाचे प्रतिपिंड आणि फुफ्फुसातील एसीई-२: एका साक्षीची उलटतपासणी

२००४ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील एका संशोधकगटाने मानवी अवयवांच्या पातळ कापांवर सशाचे पॉलिक्लोनल प्रतिपिंड (अँटिबॉडी; पॉलिक्लोनल म्हणजे अनेक पेशींनी बनवलेल्या प्रतिपिंडांचे मिश्रण) वापरून एसीई-२ हे विकर, म्हणजेच एन्झाइम, शरीरात कुठे कुठे असते याचा सविस्तर नकाशा प्रसिद्ध केला. फुफ्फुसातील वायुकोशांच्या अस्तरपेशींत आणि लहान आतड्याच्या शोषक पेशींत ते विपुल आहे, शिवाय तपासलेल्या सर्व अवयवांतील रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातही ते आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. कोविडचा विषाणू याच विकराला धरून पेशीत शिरतो, म्हणून कोविडच्या पहिल्या वर्षी, २०२० मध्ये, स्वीडनमधील उप्साला येथील गटाने हाच प्रश्न नव्याने हाती घेतला. त्यांनीही सशाचेच एक पॉलिक्लोनल प्रतिपिंड घेतले, जोडीला उंदराचे एक मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेले आणि एकच जागा ओळखणारे, प्रतिपिंड ठेवले, दीडशेहून अधिक प्रकारच्या पेशी तपासल्या आणि श्वसनसंस्थेत एसीई-२ जवळजवळ सापडत नाही, सापडलेच तर थोड्या व्यक्तींच्या थोड्या पेशींत सापडते, असे नोंदवले. दोन्ही शोधनिबंध नामांकित नियतकालिकांत आले होते आणि दोन्हींचा आधार स्लाइडवर उमटलेला रंग हाच होता. हे दोन निष्कर्ष एकमेकांसमोर ठेवले की कोणत्याही प्रतिपिंडाने दिलेले उत्तर कसे वाचावे, याचे सगळे मुद्दे एकाच प्रकरणात हाती लागतात, म्हणून ते येथे तपशिलाने मांडत आहे.

आधी विकराविषयी. एसीई-२ चा शोध २००० साली अमेरिका आणि इंग्लंडमधील दोन गटांनी स्वतंत्रपणे लावला. रक्तदाबाच्या औषधांमुळे परिचित असलेल्या एसीई या विकराचे ते भावंड असून दोघांच्या उत्प्रेरक भागातील सुमारे ४० टक्के अमिनो आम्ले जुळतात. काम मात्र उलट दिशेचे आहे: रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या अँजिओटेन्सिन-२ या पेप्टाइडच्या टोकाचे एक अमिनो आम्ल तोडून एसीई-२ त्याचे अँजिओटेन्सिन १-७ मध्ये रूपांतर करते, आणि या कामासाठी त्याच्या खोबणीत जस्ताचा एक अणू बसलेला असतो. मानवी एसीई-२ ची साखळी ८०५ अमिनो आम्लांची आहे. तिचा मोठा भाग पेशीच्या बाहेर असतो, एक छोटा तुकडा पेशीपटलातून आरपार जातो आणि आखूड शेपूट पेशीच्या आत राहते. अमिनो आम्लांच्या हिशेबाने वजन सुमारे ९२ किलोडाल्टन येते, पण बाहेरच्या भागाला शर्करेच्या साखळ्या चिकटलेल्या असल्याने प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ते ११० ते १२० किलोडाल्टनच्या आसपास दिसते. पहिल्याच शोधनिबंधांत आरएनएच्या, म्हणजे प्रथिन बनवण्याच्या संदेशाच्या, पातळीवर हृदय, मूत्रपिंड आणि वृषण ही त्याची मुख्य ठिकाणे दिली होती. फुफ्फुसाचा त्यात ठळक उल्लेख नव्हता, ही गोष्ट पुढे बरीच वर्षे कोणाच्या फारशी लक्षात राहिली नाही.

याचे कारण २००३ मध्ये घडले. पहिल्या सार्सच्या साथीत विषाणू पेशीत कोणत्या दाराने शिरतो याचा शोध घेताना बोस्टनमधील संशोधकांना हिरव्या आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या व्हेरो ई-६ पेशींत एसीई-२ सापडले. विषाणू फुफ्फुस निकामी करत होता, तेव्हा त्याचे दारही फुफ्फुसात भरपूर असणार ही अपेक्षा स्वाभाविक होती. पुढच्याच वर्षी ग्रोनिंगेनच्या स्लाइडवर ते तसे दिसले. जे दिसावे असे सर्वांना वाटत होते तेच दिसले, की त्याची उलटतपासणी करण्याची निकड कमी होते. या प्रकरणातील पहिली अडचण रसायनाची नसून हीच आहे, असे माझे मत आहे.

आता सशाकडे वळू. पॉलिक्लोनल प्रतिपिंड तयार करताना ज्या प्रथिनाचा शोध घ्यायचा ते, किंवा त्याचा एखादा तुकडा, प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या पूरक द्रव्यात मिसळून सशाला टोचतात, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मात्रा देतात आणि कानाच्या रक्तवाहिनीतून रक्त घेऊन त्याचे सीरम वेगळे करतात. सशाच्या शरीरात अनेक बी-पेशींनी त्या तुकड्याच्या वेगवेगळ्या जागा ओळखून आपापली प्रतिपिंडे बनवलेली असतात आणि सीरममध्ये ती सगळी एकत्र येतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये घोड्यांपासून तयार होणारे सर्पविषावरचे औषधही मुळात असेच मिश्रण असते. फरक इतकाच की तिथे विष निकामी झाले की काम भागते, तर इथे मिश्रणातील एकही घटक दुसऱ्या प्रथिनाला चिकटला तर निष्कर्ष बिघडतो. प्रतिपिंडांचा हा समूह अनेक जागा एकाच वेळी पकडत असल्याने कमी प्रमाणातील प्रथिनही दिसते, आणि फॉर्मॅलिनने त्यातली एखादी जागा झाकली गेली तरी बाकीच्या जागा शिल्लक राहतात. सशाचे पॉलिक्लोनल आजही लोकप्रिय आहे ते यामुळे, आणि त्याच्यावर संशय घेतला जातो तोही यामुळेच.

सशाचे स्वतःचे एसीई-२ मानवी एसीई-२ शी बरेच मिळतेजुळते आहे, इतके की सार्स-कोव्ह-२ हा कोविडचा विषाणू सशालाही लागण करू शकतो. सशाची प्रतिकारशक्ती स्वतःच्या प्रथिनासारख्या दिसणाऱ्या भागांवर सहसा हल्ला करत नाही. त्यामुळे विकराचा जो भाग सर्वांत महत्त्वाचा, म्हणजे जस्ताभोवतीची उत्प्रेरक खोबण, त्यावर चांगले प्रतिपिंड मिळणे कठीण असते, आणि माणूस व ससा यांच्यात जिथे फरक आहे त्या कडेच्या भागांवर ते सहज मिळते. प्रतिपिंड ‘एसीई-२ ओळखते’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात ते ८०५ पैकी एका छोट्या परिसराला ओळखत असते, आणि हा परिसर कोणता हे माहितीपत्रकात लिहिलेले नसेल तर त्या कुपीचा उपयोग फार थोडा.

उप्सालाच्या अभ्यासातील सशाचे प्रतिपिंड ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलास या स्वीडिश प्रकल्पातून आले होते. २००३ मध्ये मथियास उलेन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या प्रकल्पाने मानवी प्रथिनांवर सशाची प्रतिपिंडे बनवण्याची एक शिस्तबद्ध रीत घालून दिली. आधी संगणकावर त्या प्रथिनाचा असा तुकडा निवडतात, साधारण ५० ते १५० अमिनो आम्लांचा, की जो इतर मानवी प्रथिनांशी कमीत कमी जुळेल. मग तो ई. कोलाय जिवाणूंत शुद्धीकरणासाठी जोडलेल्या एका कृत्रिम शेपटीसह तयार करून घेतात आणि सशाला टोचतात. सीरम आले की ते दोन स्तंभांतून जाऊ देतात. पहिल्या स्तंभात फक्त शेपटीला चिकटणारी प्रतिपिंडे अडकून मागे राहतात. दुसऱ्या स्तंभावर सशाला टोचलेला तोच तुकडा, म्हणजे प्रतिजन-तुकडा, बांधलेला असतो, तिथे हवी ती प्रतिपिंडे धरली जातात, बाकीचे सीरम वाहून जाते आणि मग आम्लाच्या साह्याने धरलेली प्रतिपिंडे सोडवून घेतात. म्हणजे हे कच्चे सीरम नसून निवडून घेतलेले मिश्रण असते. जिवाणू शर्करेच्या त्या साखळ्या लावत नाहीत आणि तुकडा मूळ घडीही नीट धरत नाही, त्यामुळे असे प्रतिपिंड फॉर्मॅलिनमध्ये ठेवून उकळलेल्या ऊतीवर किंवा वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे जेलवर वेगळ्या केलेल्या प्रथिनांच्या पट्ट्या प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीत, चांगले काम करते. जिवंत पेशीच्या पृष्ठभागावरचे, मूळ आकारातील एसीई-२ ते तितक्याच खात्रीने पकडेल असे गृहीत धरता येत नाही.

स्लाइडवर प्रत्यक्ष काय दिसते ते पाहू. पॅराफिनच्या ठोकळ्यातून काही मायक्रोमीटर जाडीचा काप घेतात, पॅराफिन काढून टाकतात, सिट्रेटच्या द्रावणात दाबाखाली उकळून फॉर्मॅलिनने झाकलेल्या जागा मोकळ्या करतात, पेशींचे स्वतःचे पेरॉक्सिडेज हायड्रोजन पेरॉक्साइडने निष्प्रभ करतात, मग सशाचे प्रतिपिंड, त्यावर सशाच्या प्रतिपिंडाला धरणारे दुसरे प्रतिपिंड, आणि शेवटी तपकिरी रंग देणारे डीएबी. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रके निळी होतात. मूत्रपिंडाच्या कापात, निकटवर्ती नलिकेच्या पोकळीकडील सूक्ष्मांकुरांच्या कडेवर, पेनाने ओढल्यासारखी एक स्वच्छ तपकिरी रेघ उमटते, पेशींचे तळ निळसर-फिके राहतात आणि शेजारचा ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ, जवळजवळ कोरा असतो. लहान आतड्यातही रेघ तशीच, पोकळीच्या बाजूला. पेशीपटलात राहणाऱ्या विकराकडून हेच अपेक्षित आहे. याच प्रतिपिंडाने, याच प्रमाणात, त्याच दिवशी रंगवलेल्या फुफ्फुसाच्या कापात मात्र वायुकोशांच्या भिंती निळ्याच राहतात. मधूनच एखादी मोठी, गोलसर पेशी तपकिरी कणांनी भरलेली दिसते, पण ती अस्तरपेशी नसून वायुकोशातील मॅक्रोफेज असते. या पेशी काहीही गिळतात, त्यांच्यावर प्रतिपिंडाच्या मागच्या टोकाला धरणारे ग्राहक असतात आणि त्यांच्या पोटात आधीपासूनच तपकिरी रंगद्रव्य असू शकते. घाईत पाहणाऱ्याला हाच रंग ‘फुफ्फुस पॉझिटिव्ह’ वाटू शकतो. प्रतिपिंडाचे प्रमाण दुप्पट-चौपट केले तर भिंतीही हळूहळू तपकिरी होऊ लागतात, आणि तो रंग विकराचा की नुसत्या चिकटण्याचा, हे डोळ्यांनी सांगता येत नाही.

म्हणून उप्सालाच्या कामाचे वजन त्यांच्या स्लाइडपेक्षा त्या स्लाइडभोवती उभ्या केलेल्या पुराव्यात अधिक आहे. २०१६ मध्ये प्रतिपिंडांच्या पडताळणीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय गटाने पाच मार्ग सुचवले होते: जनुक बंद करून रंग जातो का पाहणे, प्रतिपिंडाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या पद्धतीशी ताळा घालणे, वेगळी जागा ओळखणारे स्वतंत्र प्रतिपिंड वापरणे, खूण लावलेले प्रथिन पेशीत तयार करून तुलना करणे आणि पकडलेले प्रथिन मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखणे. एसीई-२ च्या बाबतीत यातले दोन मार्ग निर्णायक ठरले. एक, निरनिराळ्या स्रोतांतून आलेली आरएनएची मोजमापे: मूत्रपिंड, आतडे, पित्ताशय, वृषण यांत संदेश भरपूर आणि फुफ्फुसात अगदी तळाला. दोन, उंदराच्या मोनोक्लोनलने दिलेले चित्र सशाच्या चित्राशी अवयवागणिक जुळले. एकेका पेशीचा आरएनए मोजणाऱ्या अभ्यासांतही वायुकोशांच्या दुसऱ्या प्रकारच्या अस्तरपेशींपैकी शेकडा एकाच्या आसपास पेशींतच एसीई-२ चा संदेश आढळला. अमेरिकेतील आयोवा येथील गटानेही मोनोक्लोनलच्या साह्याने हेच पाहिले: मोजक्या पेशी, विखुरलेल्या, आणि व्यक्तीगणिक कमी-जास्त.

मग २००४ चा नकाशा चुकीचा होता का? आतड्याचा भाग अजूनही भक्कम उभा आहे. शोषक पेशींच्या कडेवरचे एसीई-२ हे त्या अभ्यासाचे खरे योगदान आहे आणि कोविडमध्ये अतिसार का होतो याचा विचार करताना त्याचा आधार घेतला गेला. फुफ्फुसातील ‘विपुल’ हा शब्द मात्र टिकत नाही. रक्तवाहिन्यांचे अस्तर सगळीकडे रंगते, हा निष्कर्ष मला सर्वांत संशयास्पद वाटतो, कारण प्रत्येक अवयवात एकच पेशीप्रकार समान रंगला की आधी प्रतिपिंडावर शंका घ्यायची असते. हृदयाच्या पेशींच्या पुढील आरएनए अभ्यासांत हा संदेश अस्तरापेक्षा त्याला बाहेरून बिलगून असलेल्या पेरिसाइट पेशींत ठळक दिसला. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली या दोन पेशींतील अंतर इतके कमी असते की रंग कोणाचा हे ठरवताना चूक होणे अगदी शक्य आहे. ही पडताळणीची चौकट बारा वर्षांनी आखली गेली आणि एकेका पेशीचा आरएनए मोजण्याची सोय तेव्हा नव्हती, हे ग्रोनिंगेनच्या बाजूने नोंदवणे न्याय्य होईल. उलट बाजूही तितकीच खरी आहे. उप्सालाच्या कोऱ्या भिंतींचा अर्थ ‘फुफ्फुसात एसीई-२ नाही’ असा होत नाही, तर या पद्धतीच्या किमान मर्यादेच्या वर नाही, इतकाच होतो, आणि विषाणूला आत शिरण्यासाठी किती रेणू पुरतात हा प्रश्न स्लाइडवर सुटत नाही.

हा वाद केवळ सूक्ष्मदर्शकापुरता राहिला नाही. मार्च २०२० मध्ये, रक्तदाबाच्या काही औषधांनी एसीई-२ वाढते आणि त्यामुळे कोविडचा धोका वाढतो अशी शंका मांडली गेली, आणि अनेक रुग्ण गोळ्या बंद कराव्यात का असे डॉक्टरांना विचारू लागले. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या उच्च रक्तदाब परिषदेने १३ मार्चलाच औषधे चालू ठेवण्याचा सल्ला दिला. प्रथिनाच्या पातळीवर उत्तर मिळवण्यासाठी स्टॅनफर्डच्या गटाने श्वसनमार्गाच्या ऊतींवर अनेक प्रतिपिंडे आधी पारखून घेतली आणि मग दाखवले की एसीई-२ नाक व श्वासनलिकांमधील हलणाऱ्या केसलांवर (सिलियांवर) बसलेले असते आणि ही औषधे घेणाऱ्यांत ते वाढलेले नसते. म्हणजे दार खोल वायुकोशांत शोधले जात होते, तेव्हा ते बऱ्याच अंशी वरच्या मार्गात होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयातील ६८ रुग्णांवर आधारलेला एक प्राथमिक अहवाल आला. स्त्रियांच्या शरीरातून विषाणू जाण्यास मध्यमानाने चार दिवस तर पुरुषांत सहा दिवस लागले, असे त्यात होते, आणि संभाव्य कारण म्हणून वृषणांतील एसीई-२ कडे बोट दाखवले होते. या प्रतिपिंडांच्या दृष्टीने वृषणाची बाजू फुफ्फुसापेक्षा कितीतरी सोपी आहे, कारण तिथे आरएनए आणि रंग दोन्ही एकच सांगतात. विषाणू प्रत्यक्षात तिथे दडून राहतो का, हा मात्र वेगळा प्रश्न, आणि ६८ जणांच्या अहवालावर तो तोलता येत नाही.

वेस्टर्न ब्लॉटवरील एक तपशील या प्रकरणाला शेवटी वेगळे वळण देतो. प्रयोगशाळेत एसीई-२ चे नवे प्रतिपिंड आले की ते कॅको-२ (आतड्याच्या) किंवा कॅलू-३ (फुफ्फुसाच्या) या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींच्या अर्कावर आणि त्याशेजारी हेला पेशींच्या अर्कावर लावून पाहणे हा शहाणपणाचा मार्ग आहे, कारण पहिल्या दोघींत एसीई-२ असते आणि हेलामध्ये जवळजवळ नसते. हेलात बाहेरून एसीई-२ घालून एक चौथी ओळही सहज तयार होते. १२० किलोडाल्टनजवळची पट्टी हेलात नाहीशी आणि चौथ्या ओळीत ठसठशीत, एवढे दिसले तर पुढे जायला हरकत नसते. काही प्रतिपिंडांत मात्र ५० किलोडाल्टनच्या आसपास आणखी एक पट्टी येई, आणि ती ‘अविशिष्ट’ म्हणून कापून टाकलेल्या चित्रांत कोणालाच दिसत नसे.

मग त्याच जनुकाच्या मध्यातून सुरू होणारे एक आखूड रूप सापडले, ज्याला डेल्टा-एसीई-२ म्हणतात. त्यात पहिली ३५६ अमिनो आम्ले नसतात, त्यांच्या जागी १० वेगळी येतात, एकूण लांबी ४५९ आणि वजन सुमारे ५२ किलोडाल्टन. ते विषाणूच्या काटेरी प्रथिनाला धरत नाही आणि विकर म्हणूनही काम करत नाही. संसर्गानंतर इंटरफेरॉनमुळे, म्हणजे विषाणूविरोधी इशारा देणाऱ्या प्रथिनामुळे, एसीई-२ वाढते, असे २०२० च्या सुरुवातीला जाहीर झाले होते. प्रत्यक्षात इंटरफेरॉनने वाढत होते ते हे आखूड रूप. सशाला ज्या तुकड्याने चेतवले तो साखळीच्या सुरुवातीचा असेल तर असे प्रतिपिंड आखूड रूपाला आंधळे असते, आणि शेपटाकडच्या पेप्टाइडवर बनवलेले प्रतिपिंड दोन्ही रूपांना सारखेच रंगवते. शेपटाकडच्या प्रतिपिंडाची आणखी एक जोखीम मूत्रपिंडात आहे: तिथे कोलेक्ट्रिन नावाचे प्रथिन असते आणि एसीई-२ चा उत्प्रेरक भाग सोडून उरलेल्या भागाशी त्याचे बरेच साम्य आहे, त्यामुळे पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे रंग नक्की यावा असा ताळ्याचा नमुना, म्हणून घेतलेले मूत्रपिंडच फसवू शकते. दोन स्वतंत्र प्रतिपिंडांचा मेळ बसला नाही, तर त्यातले एक खोटे ठरवण्याआधी दोघांचे प्रतिजन-तुकडे साखळीवर नेमके कुठे आहेत हे पाहावे लागते.

खरेदीच्या बाबतीतही काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पॉलिक्लोनलचा पुरवठा सशाच्या आयुष्याइतकाच असतो. कॅटलॉगमधला क्रमांक तोच राहतो, पण लॉट बदलला की ससा बदललेला असू शकतो आणि मिश्रणही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ६५ मानवी प्रथिनांवरची ६१४ प्रतिपिंडे जनुक बंद केलेल्या पेशींच्या जोडीने तपासली गेली. त्यात प्रयोगशाळेत क्रम ठरवून बनवलेली रिकॉम्बिनंट प्रतिपिंडे सरासरीने पॉलिक्लोनलपेक्षा सरस ठरली, आणि लक्ष्य न ओळखणारे प्रतिपिंड वापरलेले शोधनिबंध दर प्रथिनामागे सरासरी बारा निघाले. म्हणून एसीई-२ वर पॉलिक्लोनल घ्यायचे ठरले तर लॉट क्रमांक वहीत लिहावा, पुरेल एवढा साठा एकाच लॉटचा मागवावा, आणि नवा लॉट आला की जुन्याच्या उरलेल्या थेंबांसोबत तोच मूत्रपिंडाचा काप आणि तोच हेलाचा अर्क शेजारी ठेवून दोन्ही एकाच दिवशी चालवावेत.